दीडबाहीचं पान

टेपबाईंना टेपबाई म्हणत, कारण त्यांच्या गळ्यातून पिवळा टेप कधी उतरत नसे. जेवतानाही तो तसाच लोंबायचा आणि भाची ओरडायची, "मावशी, भाजीत बुडतोय!" गल्लीच्या तोंडाशी त्यांचं शिवणाचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे दोन मशिनी, कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायलची जागा आणि तिच्यात माणसाच्या उंचीचा एक आरसा. तीस वर्षं दुकान चालवून बाईंची नजर इतकी तयार झाली होती, की गिऱ्हाईक दारातून काउंटरपर्यंत येईतो त्याची छाती-कंबर त्यांच्या डोक्यात बसलेली असायची. टेप लावायचा तो केवळ समोरच्याच्या समाधानासाठी.

आकडे त्यांच्या डोक्यातून कधी जात नसत. नावं मात्र राहत नसत. म्हणून मापाच्या वहीत प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाच्या नावाऐवजी बाईंनीच ठेवलेलं टोपणनाव असे: 'गोगलगाय', 'मानमोड्या', 'घाईत आहे'. खाली पत्ता, त्याखाली मापं. टोपणनाव गिऱ्हाइकाच्या कानावर जाऊ नये एवढी काळजी त्या घ्यायच्या. निदान आपण घेतोय असं त्यांना वाटायचं. जिभेला हाड नव्हतं आणि पडदा तर कापडाचाच होता.

दीड वर्षापूर्वी बाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, मग रेडिएशन. बाई त्यातून उठल्या आणि पुन्हा मशीनवर बसल्या. सगळं मागे पडलं असं वाटत असतानाच एका सकाळी स्वतःच शिवलेल्या शर्टाची डावी बाही दंडावर अडकली.

"कापड आटलं," त्या म्हणाल्या.

"एकाच बाहीचं?" भाची म्हणाली.

महिनाभर बाईंनी दुर्लक्ष केलं. हात जड वाटायचा, जणू कुणीतरी कोपराला लोंबकळतंय. तरी त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेवटी करंगळीशेजारच्या बोटातली अंगठी निघेना तेव्हा भाचीने त्यांना धरून फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या मजल्यावर, लांब बोळाच्या टोकाला ती खोली होती. खिडकीला दुधी काच. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर धुतलेल्या पट्ट्या वाळत घातलेल्या. पन्नासेक असतील, चार बोटं रुंद, जमिनीला टेकतील इतक्या लांब. पंखा बंद होता, खिडकी बंद होती, तरी पट्ट्यांची टोकं हलत होती. बाईंनी तिकडे पाहायचं टाळलं.

थेरपिस्ट चाळिशीची, बुटकी, भरभर बोलणारी होती. तिने डाव्या हातावर अंगठा दाबला आणि उचलला. तिथे खळगा पडला. बाई पाहत राहिल्या. खळगा भरून येईना. आपल्याच हातावर दुसऱ्याच्या अंगठ्याची जागा.

"याला लिम्फेडीमा म्हणतात," थेरपिस्ट म्हणाली. "अंगात रक्तासारखाच लसिकेचा, म्हणजे पाण्यासारख्या द्रवाचाही एक प्रवाह असतो. या हाताचा रस्ता काखेतून जायचा, आणि तिथल्या गाठी काढल्यात. आता पाणी हातात तुंबतंय. आपण त्याला वळसा घालून दुसरीकडून न्यायचं."

"बरा कधी होईल?"

"पूर्ण बरा होणार नाही. पण ताब्यात राहील. रोज सांभाळावा लागेल, दात घासतो ना तसं."

मग तिने मालिश सुरू केली, तीही हाताला नाही तर मानेला. बाईंना कळेना, हात सुजलाय आणि ही मान का चोळतेय! शिवाय स्पर्श इतका हलका, की झोपलेल्या मांजरावरून हात फिरवावा. "आधी पुढची जागा मोकळी करायची, मगच मागचं पाणी सरकतं," थेरपिस्ट म्हणाली. "जोरात दाबलंत तर उलटं होईल." तिने व्यायाम शिकवले, घट्ट बाही घालायला दिली, त्वचेला ओरखडासुद्धा पडू द्यायचा नाही म्हणून बजावलं. शेवटी टेपने हात मोजून सेंटिमीटरमध्ये आकडे कागदावर लिहून दिले.

बाईंना सेंटिमीटर कधी पटले नव्हते. घरी येऊन त्यांनी कागद समोर ठेवला, टेप उलटा करून इंचांची बाजू पाहिली. दंड बारा. कोपराखाली दहा. मनगट साडेसहा.

बारा, दहा, साडेसहा. ऐकलेलं गाणं आठवावं तसे ते तीन आकडे डोक्यात वाजले. हे माप त्यांनी पूर्वी घेतलं होतं. स्टुलावर चढून त्यांनी माळ्यावरची सात वर्षांपूर्वीची वही काढली. पान सापडायला दोन मिनिटं लागली नाहीत.

वर लिहिलं होतं: 'दीडबाही'.

बाईंना ती आठवली. उंच, गप्प, खालच्या मानेने बोलणारी बाई. एक हात साधा, दुसरा सुजलेला. प्रत्येक शर्टाची डावी बाही मोठी शिवून न्यायची. पहिल्या दिवशी ती गेल्यावर बाईंनी मशीनवरच्या मुलींना सांगितलं होतं, "एका बाहीला दीड बाहीचं कापड लागतं हिला!" मुली हसल्या होत्या. तेव्हापासून तेच नाव. पानावर मापांच्या पाच ओळी होत्या. पहिली ओळ: डावा हात, बारा, दहा, साडेसहा.

"योगायोग," बाई मोठ्याने म्हणाल्या आणि वही मिटली.

पुढचा महिना त्यांनी थेरपी केली म्हणजे नावाला केली. घट्ट बाही दुकानात घालायची लाज वाटायची, गिऱ्हाइकं विचारतील. हलक्या हाताच्या मालिशवर विश्वास बसेना, म्हणून इस्त्री फिरवावी तसा जोर लावून दाबायच्या. घाईच्या ऑर्डरी आल्या की व्यायाम राहून जायचे. महिन्याने थेरपिस्टने मोजलं आणि कपाळाला आठी घातली. घरी येऊन बाईंनी टेप उलटा केला. पावणेतेरा, साडेदहा, पावणेसात.

वही उघडायची नाही असं ठरवून त्यांनी वही उघडली. दुसरी ओळ: पावणेतेरा, साडेदहा, पावणेसात.

त्या खुर्चीत बसल्या. बाहेर रस्त्यावर भर दुपारची वर्दळ होती, कुणीतरी सायकलची घंटा वाजवत होतं. बाईंच्या अंगावर काटा आला, आणि तो फक्त उजव्या हातावर. डाव्या हाताची कातडी ताणलेली, गुळगुळीत, जणू तिला घाबरायचं काही कारणच नव्हतं.

त्यांनी भाचीला काही सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून त्यांना वाटू लागलं, की हा हात आपल्याआधी कुणीतरी वापरलेला आहे. सुई ओवताना तो मध्येच थांबायचा. काउंटरवर ठेवला की असा पसरायचा, जसा त्यांनी कधी ठेवला नव्हता, तळवा वर करून, काही मागत असल्यासारखा. तिसऱ्या महिन्यात दंड साडेतेरा भरला. वहीतली तिसरी ओळ त्यांना आता पाहावी लागली नाही, पाठच होती.

त्याच आठवड्यात त्यांना कोट आठवला.

दीडबाहीने शेवटी एक कोट शिवायला टाकला होता, गडद हिरवा. एकदा ट्रायल दिली आणि ती पुन्हा आलीच नाही. न नेलेले कपडे बाई माळ्यावर पेटीत ठेवायच्या. एका दुपारी भाची बाहेर गेलेली असताना त्यांनी दुकानाचं दार आतून लावलं, पेटी उघडली आणि कोट घेऊन पडद्यामागे गेल्या.

उजवी बाही त्यांना जरा लांब झाली. डावी त्यांच्या हाताहून इंचभर मोठ्या मापाची होती, तरी अशी चढली, की दंडावर चिमूटभरही कापड उरलं नाही. त्यांच्यासाठीच बेतल्यासारखी. मग त्यांचं लक्ष कोपराकडे गेलं. बाहीला कोपरापाशी चुण्या पडल्या होत्या, खोल, वर्षानुवर्षं हात वाकवून पडतात तशा. कोट एकदाच, दोन मिनिटं अंगावर गेला होता. त्यानंतर सात वर्षं घडी करून पेटीत. तरी चुण्या होत्या, आणि बाईंचा कोपर बरोबर त्यांच्यातच बसला.

आरशात पाहायचा त्यांना धीर झाला नाही. डोळे मिटून त्यांनी बटणं सोडली. बाही निघेना. ओढली, तरी निघेना. घाम फुटला. तेवढ्यात भाचीने बाहेरून दार ठोठावलं आणि हात मऊ पडून सुळकन बाहेर आला.

"काय करत होतात आत?"

"काही नाही. ट्रायल."

"कुणाची?"

बाईंनी कोट घडी करून पेटीत टाकला.

त्यानंतर त्यांनी दवाखान्यात जायचं सोडलं. वहीत चौथी ओळ होती साडेचौदाची आणि पाचवी सोळाची. त्यापुढे पान कोरं. जे लिहून ठेवलंय त्याला पट्ट्या बांधून काय होणार? थेरपिस्टचे फोन येत, त्या उचलत नसत. हात फुगत राहिला. कातडी चकाकू लागली, बोटं मिटेनात. महिन्याभरात दंड साडेचौदा झाला.

मग भाचीने कात्री खाली ठेवली. "मावशी, तुम्ही सांगत नाही तोवर मी एक टाका घालणार नाही."

बाईंनी सगळं सांगितलं. भाचीने वही पाहिली. तिचाही चेहरा उतरला, पण ती तरुण होती आणि तिला कोऱ्या जागेपेक्षा पत्ता आधी दिसला. "सोळानंतर काय झालं ते तिलाच विचारा की. इथे पत्ता आहे."

"आणि ती नसली तर?"

"तर तेही कळेल."

"मग तूच जा ना."

"टोपणनाव मी ठेवलं नव्हतं," भाची म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई निघाल्या. इमारत तीन मजली होती, जिन्यात फिनेलचा वास. खाली एक म्हातारा खुर्ची टाकून बसला होता. "कोण हवंय?" त्याने विचारलं. बाईंनी तोंड उघडलं आणि तशाच राहिल्या. दोन वर्षं ती बाई त्यांच्या समोर हात पसरून उभी राहिली होती, आणि सांगायला नाव नव्हतं. वहीतलं नाव तोंडातून निघेना.

"हाताचं दुखणं असलेल्या बाई," त्या शेवटी म्हणाल्या.

म्हाताऱ्याने त्यांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "तिसरा मजला. तुमच्या बहीण का?"

दार लगेच उघडलं. समोर तीच उंच बाई उभी होती. केस पांढरे झाले होते. डाव्या हातात बोटांपासून खांद्यापर्यंत घट्ट बाही, आणि तिच्या आतला हात उजव्यापेक्षा जेमतेम दोन बोटं जाड. टेपबाईंनी दाराची चौकट धरली. आनंदाने की भीतीने, हे त्यांना पुढेही कधी ठरवता आलं नाही.

"या," ती म्हणाली. "बसा. हात उशीवर ठेवा, लोंबू देऊ नका."

खोली नीटनेटकी होती. ती बाई समोर बसली आणि काही विचारलं नाही. टेपबाईंनी पिशवीतून वही काढली, पान उघडून तिच्या पुढे सरकवलं. झाकून ठेवायचं तरी काय, वर नाव होतंच.

तिने ते वाचलं. "हे मी पडद्यामागे ऐकलं होतं," ती म्हणाली. "कोट अंगावर होता. तुम्ही मुलींना सांगत होतात, आता दीडची पावणेदोन होणार."

टेपबाईंनी मान खाली घातली. "चुकलं माझं."

"हो," ती बाई म्हणाली. "त्यानंतर दोन वर्षं मी घराबाहेर पडले नाही. हात वाढत गेला. मग एकदा बोटाला साधं खरचटलं, त्यातून जंतू शिरले. संध्याकाळपर्यंत हात लालभडक आणि ताप चढला. दवाखान्यात बारा दिवस काढले. तिथे एका थेरपिस्टने मला पट्ट्या बांधल्या. नाहीतर..." तिने वाक्य सोडून दिलं आणि बोट पानावर ठेवलं. "या चार ओळी माझ्या. ही पाचवी कुठून आली?"

"तुमचंच माप. सोळा, साडेबारा, आठ."

"चार वेळा मापं दिली मी. चौथं कोटाचं. सोळा मी झाले ती त्यानंतर दीड वर्षाने, या खोलीत. तेव्हा माझ्याकडे कुणी आलं नाही, मी कुणाकडे गेले नाही."

टेपबाईंनी वही जवळ ओढली. चार ओळींपुढे तारखा होत्या. पाचवीपुढे नव्हती. अक्षर त्यांचंच होतं. सहाचं पोट गोल काढायची त्यांची सवय, आठाचं शेपूट वळवायची त्यांची सवय. केव्हा लिहिलं, कुणाला पाहून लिहिलं, काही केल्या आठवेना.

मग ती बाई उठली, टेपबाईंच्या दंडावर तिने अंगठा दाबला आणि उचलला. खळगा पडला.

"खळगा पडतोय म्हणजे अजून मऊ आहे," ती म्हणाली. "माझा तेव्हा लाकूड झाला होता, अंगठा रुततच नव्हता. तुम्ही अजून वेळेत आहात. उद्या जा. मालिश कशी करता?"

टेपबाईंनी करून दाखवली. ती बाई पहिल्यांदाच हसली. "ही मालिश की कणीक? थांबा." तिने टेपबाईंचाच उजवा हात धरून त्यांच्या मानेवर ठेवला आणि कातडी हलकेच सरकवायला शिकवली. "थेरपिस्टने हेच सांगितलं असेल. तुम्ही ऐकलं नसेल."

"कोट माझ्याकडे आहे अजून," निघताना टेपबाई म्हणाल्या. "आणून देऊ?"

"नको. उसवून टाका."

त्यांनी तो त्याच दुपारी उसवला. डाव्या बाहीची शिवण उघडली तेव्हा आतलं कापड कोमट होतं. पेटी खिडकीशेजारी उन्हात होती म्हणून असेल, असं भाची म्हणाली. पेटी सावलीत होती.

थेरपिस्ट रागावली नाही. "आलात ना, पुरे," एवढंच म्हणाली. पुढचे चार आठवडे रोज, रविवार सोडून, बाई त्या दुधी काचेच्या खोलीत जात राहिल्या. आधी मानेपासून सुरुवात करून हलकी मालिश, मग मलम, मग बोटांना एकेक पातळ पट्टी, तळव्यापासून दंडापर्यंत फोम, त्यावर कमी ताणल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे तीन थर. हात गादीच्या वळकटीसारखा दिसायचा. त्या वळकटीसकट व्यायाम करायचा: मूठ उघड, मीट, कोपर वाकव, हात वर. "पट्टीच्या आत स्नायू हलला की पाणी वर चढतं," थेरपिस्ट म्हणायची.

पहिल्या आठवड्यात बाई रोज घाबरत पट्टी सोडायच्या. खाली कुणाचा हात निघेल ही धास्ती असायची. वाळत घातलेल्या पट्ट्यांपैकी आपली कुठली हे त्यांना आता ओळखता येऊ लागलं होतं. त्या अजूनही वाऱ्याशिवाय हलत. एकदा बाईंनी थेरपिस्टला विचारलंच. तिने दोरीकडे पाहिलं, मग बाईंकडे. "खालच्या मजल्यावर मशिनी आहेत," ती म्हणाली. खालच्या मजल्यावर कागदपत्रांची खोली होती, बाई रोज तिच्यासमोरून येत होत्या. पण त्यांनी मूठ उघडून मिटायचा व्यायाम सुरू केला. बारा दिवसांत दंड पाऊण इंच उतरला होता आणि उतरणाऱ्या हातासाठी बाई बऱ्याच गोष्टी सोडून द्यायला शिकल्या होत्या.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी थेरपिस्टने मोजलं. बाईंनी तिथेच टेप उलटा केला. दंड तेरा.

"तेरा," त्या पुन्हा म्हणाल्या. पानावर बारा होता, पावणेतेरा होता, साडेतेरा होता. तेरा कुठेच नव्हता. टेबलावर बसल्या बसल्या बाई रडल्या. थेरपिस्टला वाटलं, बारा न झाल्याचं वाईट वाटलं. "तेरासुद्धा छान आहे हो," ती समजूत घालत म्हणाली.

त्यानंतर हात तेराच्या आसपास राहिला. उकाड्यात पाव इंच वाढे, दोन दिवस रात्रंदिवस पट्ट्या बांधल्या की उतरे. सकाळी उठल्याबरोबर वीस मिनिटं मान, काख, छाती, मग हात. दुकानात घट्ट बाही उघड घालू लागल्या. गिऱ्हाईक विचारी आणि त्या सांगत, सरळ, सगळं. जड गठ्ठे आणि इस्त्री भाचीकडे गेली. डाव्या हाताच्या बोटांवर शिवणाचं धातूचं टोपण घातल्याशिवाय त्या सुईला शिवत नसत. आणि नवीन वहीत प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाला विचारून त्याचं खरं नाव लिहू लागल्या. ते त्यांना अजूनही लक्षात राहत नसे.

परवाचीच गोष्ट. टोपण घातलेलं असूनही टाचणी निसटली आणि डाव्या मनगटाच्या वर टोचली. रक्ताचा थेंबही धड आला नाही. तासाभराने तिथे लाल ठिपका दिसला, वाटाण्याएवढा, किंचित गरम. बाईंनी थेरपिस्टला फोन केला.

"साबणाने धुवा, औषध लावा," ती म्हणाली. "लाल भागाच्या कडेने पेनाने गोल काढा. लाली गोलाच्या बाहेर आली किंवा ताप वाटला, तर थांबू नका, तडक डॉक्टरकडे."

भाचीने निळ्या पेनाने गोल काढला. बाईंनी शटर अर्ध्यावर ओढलं, हात उशीवर ठेवला आणि त्या गोलाकडे बघत बसल्या. दुपारचे दोन वाजले होते. भाची समोर बसून त्यांच्याबरोबर बघत होती. एकदा बाईंना भास झाला की लाली रेषेला टेकली. कातडीखाली काहीतरी हललं, सरपटल्यासारखं, रेषेपर्यंत आलं आणि थांबलं. भाचीलाही ते दिसलं असावं, कारण तिने खुर्ची मागे सरकवली.

तीन वाजले. चार वाजले. लाली रेषेच्या आतच होती आणि जरा फिकी.

पाचला कुणीतरी शटरवर थाप मारली. "पँट झाली का?"

"झालीय, झालीय," बाई म्हणाल्या आणि उजव्या हाताने शटर वर ढकललं.